जहाज संपर्क समिती, दारव्हा

माणूस घरात असेपर्यंत त्याच्याशी संपर्क ठेवावा लागत नाही. तो समोर असतो, आणि समोरच्या माणसाशी बोलायचं राहून गेलं तरी फारसं बिघडत नाही. तो दूर गेला की मात्र संपर्काचा प्रश्न उभा राहतो. जितका दूर, तितका प्रश्न मोठा; आणि मोठा प्रश्न एकट्यादुकट्याने सोडवणं बरं दिसत नाही. त्यासाठी समिती लागते.

हे मी अनुभवाने सांगतो. दोन हजार पाच सालच्या दिवाळीनंतर दारव्ह्यात स्थापन झालेल्या जहाज संपर्क समितीचा मी सचिव होतो. समुद्रापासून इतक्या लांबच्या तालुक्यात जहाजाची समिती असण्याचा मान आमच्याशिवाय कुणाला मिळाला नसावा. (बाभुळगावच्या एका गृहस्थांनी तसा दावा केला होता. चौकशीअंती त्यांची समिती पुराच्या बोटीची निघाली, आणि बोट यायचीच होती.)

माझे शेजारी आणि कचेरीतले जुने सहकारी अनंतराव मोहरील यांचा मंदार हा एकुलता एक मुलगा. पोरगा हुशार. आधी एक हंगाम तो कापूस खरेदी केंद्रावर वजनकाट्याशी होता. त्या हंगामात केंद्र दिवाळीनंतर उघडलं आणि संक्रांतीच्या आत मिटलं, त्यामुळे त्याला अनुभवाचं प्रमाणपत्र मिळालं पण अनुभव मिळाला नाही. मग त्याने नागपूरला हॉटेलचा कोर्स केला आणि परदेशातल्या एका सहलीच्या जहाजावर नऊ महिन्यांच्या कंत्राटाने लागला. हे जहाज माल नेत नाही, माणसं नेतं. आणि माणसंही कुठे पोचवत नाही. आठ दिवस खाऊपिऊ घालून, चार ठिकाणं लांबून दाखवून, जिथून घेतली तिथेच आणून सोडतं. हे ऐकल्यावर आमचे जब्बारभाई म्हणाले, "म्हणजे आपल्या जिल्ह्यात येते त्या पाहणी पथकासारखंच की!"

मंदारचं काम प्रवाशांच्या खोल्या आवरण्याचं होतं. खोली आवरली की टॉवेलला घड्या घालून त्याचा हत्ती किंवा हंस करायचा आणि पलंगावर ठेवायचा, अशी तिथली पद्धत. टॉवेल शुद्ध सुती. त्या वर्षी आमच्याकडे घरोघर कापूस पडून होता आणि त्याला कुणी विचारत नव्हतं. तिकडे त्याच कापसाला सोंड काढली की मडमा टाळ्या वाजवत. गावात मात्र मंदार जहाजावर अधिकारी आहे असं ठरलं होतं. (तसा ठराव झाला नव्हता, पण कुणी हरकतही घेतली नव्हती.)

आता संपर्काचं. जहाजावरून फोन करायचा म्हणजे आकाशातल्या उपग्रहामार्फत. त्यासाठी मंदारला कार्ड विकत घ्यावं लागे, आणि इकडे फोन उचलला की तिकडे ते कार्ड मिनिटागणिक वितळायला लागे. नुसता वाजला तर फुकट. जब्बारभाईंचं जीपदुरुस्तीचं दुकान, पण त्यांचा धाकटा भाऊ दहा वर्षं दम्मामला, त्यामुळे या विषयात त्यांचा अभ्यास होता. ते म्हणाले, "एकदम सोपं आहे, अनंतराव. एक घंटी देऊन कापला तर समजा पोरगा खैरियतनं आहे. लंबी घंटी वाजली तर उचला. बस."

इतक्या सोप्या गोष्टीवर अनंतरावांचा विश्वास बसेना. छत्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाचा बसूही नये.

शिवाय तो काळ समित्यांचा होता. जिल्ह्यात त्या वर्षी कापसाच्या पराटीला जितकी बोंडं नव्हती तितक्या समित्या होत्या. कापसाचं असं का झालं हे पाहायला दर आठवड्याला गाड्या येत. माणसं उतरत, बांधावर उभी राहत, लोक काय म्हणतात ते लिहून घेत आणि जात. समितीचा धर्म आम्ही तेव्हाच शिकलो: ऐकावं, नोंद करावी, हात लावू नये.

आमच्या समितीत अध्यक्ष अनंतराव, सचिव मी, तांत्रिक सल्लागार जब्बारभाई आणि महिला प्रतिनिधी म्हणून निवृत्त मुख्याध्यापिका विमलताई. मंदारची आई, म्हणजे शीलावहिनी, यांना समितीत घ्यावं अशी सूचना जब्बारभाईंनी मांडली होती. पण त्या उमेदवाराच्या, म्हणजे मंदारच्या, अगदी जवळच्या नात्यातल्या असल्यामुळे त्यांचं मत निःपक्षपाती राहणार नाही, या मुद्द्यावर ती फेटाळण्यात आली. चहाची जबाबदारी त्यांच्याकडे एकमताने सोपवण्यात आली.

पहिल्या तीन सभांत आम्ही घंट्यांचा तक्ता तयार केला आणि तो मंदारला ई-मेलने कळवला. तो असा:

एक घंटी: मी ठीक आहे.
दोन घंट्या: मी ठीक आहे व जेवलो आहे.
तीन घंट्या: समुद्र खवळला होता, आता निवळला आहे.
चार घंट्या: जहाज बंदराला लागलं.
पाच घंट्या: वडीलधाऱ्यांना नमस्कार. (आईला वेगळी घंटी असावी की नाही यावर पाऊण तास चर्चा झाली. आई वडीलधाऱ्यांतच धरावी असं ठरलं.)
सहा घंट्या: ई-मेल पाठवला आहे, सायबर कॅफेत जाऊन पाहावा.

तक्त्याखाली ठळक अक्षरात एकच नियम होता: कोणत्याही परिस्थितीत फोन उचलण्यास सक्त मनाई आहे.

तिकडची रात्र ती आपली सकाळ, त्यामुळे घंटी साडेसहाच्या सुमाराला येई. सव्वासहाला आम्ही अनंतरावांच्या बैठकीत हजर. अनंतराव आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून फोनजवळ. घंटी सुरू झाली की ते बोट वर करत, विमलताई मोठ्याने मोजत, मी वहीत आवक क्रमांक टाकत असे. घंटी थांबली की अनंतराव म्हणत, "दोन. जेवला." मग सगळे सुटकेचा निःश्वास टाकत आणि चहा येत असे.

पहिल्या सात महिन्यांत एकूण २१४ मिस्कॉल आवक झाले. पैकी एका घंटीचे १२८, दोन घंट्यांचे ६१, तीन ते सहा घंट्यांचे मिळून १६ आणि संशयास्पद ९. तालुक्यातल्या कुठल्याही बापाला आपला मुलगा कोणत्या तारखेला जेवला हे इतकं नेमकं ठाऊक नव्हतं. शेजारच्या खोलीत झोपणाऱ्या मुलाचंसुद्धा नाही. संशयास्पद नवांचं कारण असं की गॅस एजन्सीचा नंबर आणि अनंतरावांचा नंबर यांत एका आकड्याचा फरक होता. एकदा चार घंट्या आल्या. जहाज बंदराला लागलं म्हणून अनंतरावांनी गल्लीत पेढे वाटले. नकाशात पाहिलं तर जहाज भर समुद्रात होतं. बसस्टँडमागच्या कुण्या बाईंचं सिलिंडर संपलं होतं. पेढे खाऊन झाल्यामुळे नोंद कायम ठेवण्यात आली.

शीलावहिनींची एक सवय मात्र समितीला कधी आवरता आली नाही. घंटी वाजायला लागली की त्या स्वयंपाकघरातून येऊन दाराशी उभ्या राहत आणि वाजणाऱ्या फोनकडे पाहून बोलत. "जेवला का रे बाबा? जाड पांघरत जाय. उगाच कोणाशी भांडू नको." घंटी थांबली की त्याही थांबत. विमलताईंची मोजणी त्यामुळे दोनदा चुकली. तक्त्यात बोलण्याला मनाई नव्हती, म्हणून आम्ही त्याकडे दुर्लक्ष केलं. मंदारला रेल्वेत बसवून दिल्यापासून त्यांनी त्याचा आवाज ऐकला नव्हता.

इकडून तिकडे कळवायचं ते ई-मेलने, आठवड्यातून एकदा, आणि तेही भारनियमनाने कृपा केली तर. मसुदा माझा असे. विषय: आपली खुशाली प्राप्त झाल्याबाबत. संदर्भ: आपल्या दि. ३, ५ व ६ च्या अनुक्रमे एक, दोन व दोन घंट्या. महोदय, उपरोक्त घंट्या या समितीस मिळाल्या असून त्यांची नोंद घेण्यात आली आहे. असा तो चालू होई आणि शेवटी कळावे, लोभ असावा. हा मसुदा सायबर कॅफेवाला इंग्रजी अक्षरांत टाइप करी, त्यामुळे मंदारला त्यातलं किती कळे हे सांगता येत नाही.

एकदा वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, माझंही एक वाक्य टाका त्याच्यात. म्हणा, आईले तुझा आवाज ऐकायचा आहे."

मी ते समितीपुढे ठेवलं. अनंतरावांनी वाचून चष्मा काढला. म्हणाले, "हे असं नागडं लिहिता येत नाही." सुधारित वाक्य पुढीलप्रमाणे गेलं: ध्वनीबाबतची मागणी प्राप्त असून ती यथावकाश विचारात घेण्यात येईल.

जून महिन्यात मंदारचा ई-मेल आला. नऊ महिने संपत आले होते. कंपनी विचारत होती, घरी जायचं की आणखी नऊ महिन्यांची सही करायची. यवतमाळला एक नवीन हॉटेल निघत होतं, तिथल्या मालकाने मंदारला ठेवून घ्यायचं कबूल केलं होतं, हेही त्याला ठाऊक होतं. शेवटची ओळ होती, "आईला विचारून लवकर कळवा. ती म्हणेल तसं करतो."

वहिनींना विचारण्यात आलं. त्यांनी एका शब्दात उत्तर दिलं, "ये."

"असं नसते ते, शीला," अनंतराव म्हणाले. "याला दोन बाजू आहेत."

"कोणत्या?"

दुसरी बाजू काय ते अनंतरावांनी सांगितलं नाही. मला ती माहीत होती. मंदार जहाजावर असेपर्यंत अनंतराव बाजारातून निघाले की लोक थांबून विचारत, "काय म्हणते जहाज?" मंदार यवतमाळच्या हॉटेलात आला असता तर कुणी थांबलं नसतं. हा विचार त्यांना कमीपणाचा वाटत होता आणि सुटतही नव्हता, म्हणून त्यांनी प्रश्न विषयपत्रिकेवर चौथ्या क्रमांकाला टाकला. पहिल्या सभेला विमलताई लग्नासाठी पुसदला गेल्यामुळे गणसंख्या भरली नाही. दुसऱ्या सभेला ई-मेलची प्रत पुसट असल्याचं लक्षात आलं. मंदारला मी समितीतर्फे कळवलं: प्रकरण विचाराधीन आहे.

"त्याले एवढंच लिवा ना भाऊजी, की ये," वहिनी दाराशी उभ्या राहून मला म्हणाल्या. मी म्हणालो, पुढच्या सभेत नक्की घेऊ. मी खरोखरच घेणार होतो.

पुढची सभा मंगळवारी होती. त्याआधीच्या शनिवारी, सकाळी सहा पस्तीसला, घंटी सुरू झाली.

एक. दोन. तीन. अनंतरावांचं बोट वर. चार. पाच. सहा. विमलताईंनी सवयीने श्वास घेतला, कारण सहानंतर आमच्याकडे काही नव्हतं. सात. आठ. मी वहीतून मान वर केली. नऊ, दहा, अकरा. वहिनी कणकेच्या हाताने बाहेर आल्या. सोळाला घंटी आपली आपण तुटली.

"सोळा," विमलताई म्हणाल्या. "तक्त्यात सोळा नाही."

"नसेल तर फोड करू," अनंतराव म्हणाले. मी कागद घेतला. सहा अधिक सहा अधिक चार, म्हणजे दोन ई-मेल पाठवले आणि जहाज बंदराला लागलं. विमलताईंचं म्हणणं पाच अधिक पाच अधिक सहा, म्हणजे दोनदा नमस्कार आणि एक ई-मेल. दोन गुणिले आठ घेतलं तर तो आठ वेळा जेवला असं निघत होतं, ते तब्येतीच्या दृष्टीने आम्ही मागे ठेवलं.

जब्बारभाई उभे राहिले. "अरे भाऊ, पोरगा सोळा घंट्या देऊन जेवण सांगते का? त्याले बोलायचं आहे. आता वाजला तर उचला!"

तेवढ्यात वाजलाच. वहिनी तीन पावलांत फोनपाशी आल्या आणि त्यांनी हात पुढे केला. अनंतरावांनी रिसीव्हरवर आपला हात ठेवला.

"थांब शीला. त्याचं कार्ड फुकट जाईल. आधी अर्थ लागू दे."

"अर्थ काय लावता? माझं पोरगं आहे ते."

"त्याच्याच भल्यासाठी म्हणतो मी. नियम त्यालाही माहीत आहे."

अनंतरावांनी हात काढला नाही. वहिनी त्या हाताकडे पाहत उभ्या राहिल्या आणि फोनशी बोलायला लागल्या. "मंदार, ये रे. घरी ये. ऐकून राह्यला का? ये म्हणते मी." विमलताई मोजत होत्या. मीही मोजत होतो, कारण वही माझ्याकडे होती. पुन्हा सोळाला तुटला.

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा जब्बारभाई अनंतरावांचा हात धरायला पुढे झाले आणि अनंतराव म्हणाले, "जब्बार, तांत्रिक सल्लागाराचं काम सल्ला द्यायचं असते." या वेळी घंट्या अकराच झाल्या. अकराव्याला फोन आपला आपण तुटत नाही. तो कुणीतरी ठेवावा लागतो.

सोळा, सोळा आणि अकरा, एकूण त्रेचाळीस. समितीच्या इतिहासातली ही सर्वाधिक एकदिवसीय आवक. मी ती लाल शाईने लिहिली.

नऊ दिवस वीज सकाळ-संध्याकाळ जात होती, त्यामुळे ई-मेल पाहायला उशीर झाला. सायबर कॅफेतून प्रत मी आणली आणि बैठकीत वाचून दाखवली.

"आई, तिकडच्या शनिवारी सकाळी तीनदा फोन केला. सही करायची ती शेवटची रात्र होती. कार्डात दहा मिनिटं शिल्लक ठेवली होती, फक्त तुझ्यासाठी. तू ये म्हटलं असतंस तर लगेच निघालो असतो. कुणी उचलला नाही. घरी सगळे असणार हे मला माहीत होतं, साडेसहाला सगळे तिथेच असतात. म्हणून समजलो की हेच उत्तर आहे. सही केली. आणखी नऊ महिने. हत्ती आता छान जमतो."

वहिनी खाली बसल्या. आजवर त्या कुणाला चढ्या आवाजात बोलल्या नव्हत्या, तेव्हाही बोलल्या नाहीत.

"माझं पोरगं हाका मारून राह्यलं होतं," त्या म्हणाल्या, "अन् तुम्ही मोजून राह्यले."

मला लाज वाटली. कार्यवृत्तात तशी नोंद नाही. सचिवाने स्वतःच्या भावना कार्यवृत्तात घ्यायच्या नसतात. अनंतराव उठून आत गेले आणि बराच वेळ नळ सोडल्याचा आवाज येत राहिला.

रीतीप्रमाणे चौकशी झाली. निष्कर्ष असा की फोन उचलला न जाणं ही चूक नसून नियमाचं काटेकोर पालन होतं, त्यामुळे कुणावर ठपका येत नाही. विमलताईंच्या अचूक मोजणीबद्दल त्यांच्या अभिनंदनाचा ठराव झाला. जब्बारभाईंनी तोंडी राजीनामा दिला. ("मले काढा रे भाऊ याच्यातून. माझ्यानं नाही होत." लेखी नसल्यामुळे तो मंजूर करता आला नाही.) तक्त्यात सातवी बाब वाढवण्यात आली: सहापेक्षा जास्त घंट्या झाल्यास फोन उचलावा. बाब उत्तम होती. ती मंदारला तातडीने कळवण्यात आली.

त्यानंतर नऊ महिने मंदारने रोज एकच घंटी दिली.

वहिनी आता दाराशी उभ्या राहत नव्हत्या. त्या सहापासून फोनला लागून बसत, हात रिसीव्हरवर ठेवून, आणि अनंतराव त्यांना अडवत नव्हते. घंटी वाजली की त्या उचलत. तोवर तिकडून ठेवलेला असे. तरी त्या "मंदार?" म्हणत आणि थोडा वेळ ऐकत राहत. दोनशे सत्तर वेळा त्यांनी असं केलं. तो आकडा माझ्याकडे आहे, कारण मी वही सोडली नव्हती. एवढ्यात एकदाही दोन घंट्या आल्या नाहीत, त्यामुळे त्या नऊ महिन्यांत तो जेवला की नाही हे दप्तराला माहीत नाही.

आज हे सगळं हास्यास्पद वाटतं याची मला कल्पना आहे. आता फोन फुकट झाला आहे, बोलणाऱ्याचा चेहरा दिसतो, जहाजावरूनही दिसतो म्हणतात. घंट्या मोजणारी चार म्हातारी माणसं तुम्हाला येडपट वाटली असतील. हसला असाल, हसा. फक्त एवढं आठवून पाहा, की हे वाचायला घेतल्यापासून तुमचा फोन दोनदा वाजला. पहिल्यांदा तुम्ही नाव पाहिलंत, आईचं होतं, आणि नंतर करतो म्हणून तो पालथा ठेवलात. दुसऱ्यांदा नावही पाहिलं नाहीत. आम्हाला फोन उचलायला मनाई होती. तुम्हाला कुणी केली होती?